डाव्या पायावरचे मासे

पायाच्या करंगळीच्या बेचक्यात खाज सुटायला लागली तेव्हा पहिले दोन महिने मी सगळा दोष पिठाला दिला. माझी पिठाची चक्की आहे, घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याला लागून. चौदा वर्षं झाली, मीच चालवते. नवऱ्याला शेतीतून वेळ नाही आणि चक्कीचा आवाज त्याला सोसत नाही. दिवसभर उभं राहायचं, धान्य वर ओतायचं, खाली आलेलं पीठ दोन बोटांत चोळून पाहायचं, जाड वाटलं तर दगड आवळायचे. पायात बंद रबरी बूट, कारण एकदा पाच किलोचं वजन पायावर पडलं आणि तेव्हापासून मी चप्पल घालून चक्कीत उभी राहिले नाही. बुटात घाम, घामावर पीठ. संध्याकाळी बूट काढले की बोटांच्या मध्ये कणीक मळलेली असायची. अशा जागी खाजणार नाही तर काय होणार?

पण बूट धुतले, दोन दिवस उन्हात ठेवले, पाय साबणाने घासले, तरी खाज जागची हलली नाही. दोन्ही पायांना होती. बेचक्यातली कातडी पांढरी, ओलसर, मधोमध बारीक चीर. खाजवलं की बरं वाटायचं आणि बरं वाटून झालं की दुप्पट खाजायचं. समोर गिऱ्हाईक असताना एका बुटानं दुसऱ्या बुटाला घासत मी बगळ्यासारखी उभी असायचे.

मला तेव्हा शुगर होऊन तीन वर्षं झाली होती. आमच्याकडे मधुमेह कोणी म्हणत नाही. शुगर असलेल्या बाईच्या पायाला काही झालं तर ते साधं समजू नये, हे मला घरातच शिकायला मिळालं. माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगठ्यात बाभळीचा काटा मोडला आणि तिला तो कळलाच नाही. पायाला वास यायला लागला तेव्हा तो घरच्यांना कळला. आधी अंगठा काढला, सहा महिन्यांनी पाऊल. आता ती खाटेवर बसून भाजी निवडते आणि सुनेला हाका मारते. चक्की बसून चालवता येत नाही. मला माझे दोन्ही पाय हवे होते.

मग सरळ डॉक्टरला का दाखवलं नाही? दर महिन्याला गोळ्यांसाठी मी दवाखान्यात जातच होते. रांगेत उभं राहायचं, बोट टोचून घ्यायचं, आकडा ऐकायचा, गोळ्या घ्यायच्या. मागे वीस माणसं उभी असताना बोटांच्या खाजेसाठी टेबलावर पाय ठेवावा असं कोणाला वाटतं? मला तरी वाटलं नाही. ही माझी पहिली चूक.

चक्कीवर माणसं थांबतात, आणि थांबलेलं माणूस सल्ला देतं. कोणी करंजीचं तेल सांगितलं, कोणी कडुलिंबाचं पाणी. एका म्हाताऱ्यानं रॉकेल सांगितलं, तेही स्वतःवर वापरून पाहिल्याच्या खात्रीनं. भाताच्या रोवणीला जाणाऱ्या बायकांचा उपाय मेंदीचा. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या मध्ये कातडी सडते, तेव्हा त्या मेंदीचा पाला वाटून बेचक्यात भरतात. मी रॉकेल सोडून बाकी सगळं केलं, पण एका वेळी एकाच पायाला. उजव्याला करंजी तर डाव्याला मेंदी. दोन्ही पायांना एकच औषध लावलं तर बरं वाटलं ते औषधानं की आपोआप, हे कसं कळणार? गिऱ्हाइकांचं धान्य लिहायची पाटी चक्कीत टांगलेली आहे, तिच्या कोपऱ्यात मी खडूनं लिहून ठेवायचे. ‘उ. करंजी ४ दिवस. फरक नाही.’ ‘डा. मेंदी ६ दिवस. लाल झालं, खाज तीच.’ एका बाईनं ते वाचून विचारलं, "हे कोनाचं पीठ वो?"

शेवटी गोंदियाच्या एका औषधाच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणवली. दुकानदारानं पाय न बघताच दिली. ट्यूबनं मात्र कमाल केली. तिसऱ्या दिवशी खाज गायब. आठ दिवसांनी मी लावणं थांबवलं आणि चौथ्या दिवशी खाज परत आली, शेजारच्या बोटालाही घेऊन आली. पुन्हा लावलं, पुन्हा गेली, पुन्हा आली. पाटीवर लिहिलं, ‘ट्यूब खोटी.’

तलावाची गोष्ट त्यानंतरची. आमचं गाव तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, टेकून आहे. माझ्या सासरचे लोक कोहळी समाजाचे, त्यांच्याच कोण्या पूर्वजांनी हा तलाव बांधला असं सांगतात. दुपारी विजेची लाइन जाते ती चार वाजता येते. त्या वेळात मी पीठ पडायच्या तोंडाला बांधलेली कापडी बाही धुवायला घाटावर जाऊ लागले. एकदा बाही धुऊन झाल्यावर पाय पाण्यात सोडून पायरीवर बसले. दोन मिनिटांत बारके मासे आले, बोटाच्या पेराएवढे, आणि नेमके बेचक्यात तोंड घालून टोचू लागले.

जे चार महिन्यांत कशानं झालं नव्हतं ते झालं. नखानं खाजवल्यावर आग होते, तशी आग नाही. बारीक बारीक टोचणं, बरोबर खाजेच्या मुळावर. मी हलले नाही. अर्धा तास तशीच बसले.

माझ्या घरामागची शेजारीण दोन पायऱ्या खाली टोपलं घासत होती. तिचा नवरा तलावात जाळं टाकतो, ती मासे विकते. वय माझ्याएवढंच, तोंड माझ्याहून मोठं. ती येऊन वाकून माझ्या पायाकडे बघायला लागली.

"काऊन वो वयनी, एवढ्या मासोऱ्या तुह्याच पायाले?"

"मला काय माहीत? तुझ्या ओळखीच्या आहेत, तूच विचार."

"तुले शुगर हाये ना. गोड लागून राहिली त्याईले." मग घाटावरच्या बाकीच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "याईच्या घराण्यानं तलाव बांधला, ऊस लावला, पिढ्यानपिढ्या गूळ खाल्ला. आता ते समदं पायातून निघून राहिलं!"

बायका हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. मग रोजच जाऊ लागले.

पण तिचं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. खरंच माझ्याच पायाला जास्त मासे यायचे. शेजारणीनं पाय सोडला की दोन-तीन येत आणि निघून जात. माझ्याकडे झुंबड. शुगर लघवीत उतरते हे मी ऐकलं होतं, पण पायाच्या कातडीतून गोडवा पाण्यात उतरतो? हे काही पटेना. म्हणून एक दिवस घरूनच साबणाने पाय धुतले, बोटांच्या फटी चिंधीनं साफ केल्या आणि मग घाटावर गेले. मासे आले, पण मोजके. दुसऱ्या दिवशी ओंजळभर तांदळाचं पीठ पदरात बांधून नेलं आणि शेजारणीला म्हटलं, "पाय पुढे कर."

"कायले?"

"कर तर."

तिच्या ओल्या पायाला पीठ चोळलं. तिनं पाय पाण्यात घातला आणि मासे असे धावले की ती ओरडून पायरीवर मागे सरकली. "आई गं! आता मले बी शुगर झाली का?"

"नाही झाली. पीठ आहे ते. रोज माझ्या बोटांत भरलेलं असतं, ते खायला येतात."

ती थोडी नाराज झाली. तिला गुळाचं कारण जास्त आवडलं होतं.

दीड महिना असा गेला. पाटीवर मी मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘डा. बरा.’ डाव्या पायाची खाज पूर्ण थांबली होती. उजव्याची कमी-जास्त चालू होती, पण डावा शांत, दिवसभर बुटात राहूनही शांत. मासे डाव्यालाच जास्त लागत असावेत असा मी अंदाज केला. दोन गिऱ्हाइकांना मी हा उपाय सांगितलासुद्धा. आणि बहिणीला फोन केला. तिला सांगण्यासारखं चांगलं माझ्याकडे कधी काही नसतं, म्हणून हे सांगावंसं वाटलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. भाजी निवडत असावी, मध्ये सुनेला काहीतरी सांगितलं. मग म्हणाली, "औषध नाही, काही नाही, आपोआप गेली?"

"मासे लावले ना."

"माही बी अशीच गेली होती खाज. काट्याच्या आधी. बरं वाटलं होतं मले."

एवढंच बोलली आणि पावसापाण्याचं विचारू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घाटावर मी शेजारणीला समोर बसवलं. म्हटलं, "मी डोळे मिटते. मासा कुठे लागला ते सांगते. तू बघून बरोबर की चूक ते सांग."

"हा कोनता खेळ वो? पैज लावतं का?"

"पैज नाही. फक्त बघ."

डोळे मिटले. पाय न धुता गेले होते, पीठ होतंच. "उजवी करंगळी," मी म्हटलं. "बरोबर." "उजवा अंगठा. आता टाच." "बरोबर. वा!" "पुन्हा करंगळी." "दोन हायेत तिथं, पन बरोबर." मग मी थांबले. उजव्याचं टोचणं चालूच होतं, ते बाजूला ठेवून मी डाव्याची वाट पाहत राहिले. पाणी थंड लागत होतं, पोटरीला, टाचेला. करंगळीकडे काहीच नाही. बराच वेळ गेला.

"डाव्यावर का येत नाहीत आज?" मी विचारलं.

मी डोळे उघडायच्या आतच शेजारीण हळू म्हणाली, "वयनी, डाव्या करंगळीपाशी पाच हायेत."

मी बघितलं. पाच होते. त्यातला एक जरा मोठा, करंगळीच्या बेचक्यातली कातडी धरून मान झटकत होता. मला तो दिसत होता. लागत नव्हता.

पाय बाहेर काढला, पदरानं पुसला. बेचक्यातली चीर आता चांगली गव्हाच्या दाण्याएवढी उघडी होती आणि तिच्या कडेला लाल होतं. खाज नाही म्हणून दीड महिना मी तिकडे नीट बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चक्की बंद ठेवून पहिल्या बसनं तालुक्याच्या दवाखान्यात गेले. या वेळी रांगेत नंबर आल्यावर बोट पुढे करण्याआधी चप्पल काढली. डॉक्टरीण तरुण होती, बाहेरून बदलून आलेली. मला ‘माताजी’ म्हणाली. मी तिच्याहून फार तर पंधरा वर्षांनी मोठी असेन, पण ते बोलायची ती वेळ नव्हती. तिनं बोटं फाकवून पाहिली, कातडी खरवडून काचेवर घेतली, मग ड्रॉवरमधून एक दांडी काढली. दांडीच्या टोकाला नायलॉनचा धागा, दोन इंच असेल. शेजारणीच्या जाळ्याचा धागा असतो तसाच.

"आँखें बंद करो माताजी. जब छुए, तब बोलना."

म्हणजे तोच खेळ. फक्त माशांच्या ऐवजी धागा. मी तिला तसं सांगितलं तेव्हा तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि मासे किती दिवस लावले, चीर केव्हापासून आहे, सगळं विचारून लिहून घेतलं. उजव्या पायाला मला सगळीकडे कळलं. डाव्याला करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि त्यांच्या खालचा तळवा, या तीन ठिकाणी कळलं नाही.

खाज बुरशीची होती, दोन्ही पायांना. डावा बरा झालेलाच नव्हता. "खुजली वहीं है," ती म्हणाली, "बस आपको ख़बर नहीं मिल रही." हे मला लगेच समजलं. लाइन गेली की चक्कीचा खडखडाट थांबतो, म्हणून ढिला पट्टा दुरुस्त होत नाही.

तिला मी खूप प्रश्न विचारले. मागच्या माणसांना राग आला असेल, येऊ दे. शुगर वाढलेली राहिली की बुरशीला बरं फावतं आणि नसाही मरतात, म्हणजे दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती. दुकानातल्या ट्यूबमध्ये खाज दाबणारं औषध मिसळलेलं होतं, त्यानं खाज दबते आणि खाली बुरशी मजेत वाढते. तलावाचं पाणी उघड्या चिरेत जाणं म्हणजे काय, हे तिनं बहिणीच्या पायाची हकिकत ऐकल्यावर वेगळं सांगितलं नाही. कळायचं परत येईल का, असं विचारलं तेव्हा मात्र ती जपून बोलली. गेलेलं बहुधा येत नाही. आहे ते टिकवायचं.

उपाय सांगितला तो इतका साधा की चक्कीवर कोणी सांगितला असता तर मी लक्ष दिलं नसतं. बेचकी कोरडी ठेवा. पाय धुतल्यावर प्रत्येक फट वेगवेगळी पुसा, मऊ सुती कापडानं, घासून नाही. बुरशीचं मलम दोन वेळा, आणि खाज थांबली तरी पुढे दोन आठवडे. गरम पाण्यात पाय नाही. तेल बेचक्यात नाही. मोजे सुती, रोज धुतलेले. बंद बूट दिवसभर नाहीत. चिरेला वेगळं औषध आणि आठ दिवस दिवसाआड दाखवायला या. शुगरच्या गोळ्याही तिनं वाढवल्या.

बुटांचाच प्रश्न अवघड होता. वजन पायावर पडायची भीती खरी आहे. शेवटी दोन जोड घेतले, एक सकाळी, एक दुपारी, आणि मध्ये लाइन जाते त्या वेळात पाय उघडे, पंख्याशिवाय, पायरीवर, सावलीत. पायांवरचं पीठ पाण्यानं धुवायचं सोडलं. कोरड्या कुंचल्यानं झाडते. पाणी लावलं की पिठाची कणीक होते, हे मला चौदा वर्षं चक्की चालवून कळायला हवं होतं.

रोज सकाळी नवरा माझा डावा तळवा बघतो, कारण मला तो वाकून नीट दिसत नाही. बैल विकत घेताना खूर बघतात तसा बघतो, दाबून, उलटासुलटा करून. "ठीक हाये," म्हणतो आणि शेतावर जातो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझ्या पायाकडे त्यानं पहिल्यांदाच एवढं लक्ष दिलं.

उजव्या पायाची खाज तिसऱ्या आठवड्यात थांबली. या वेळी मी पाटीवर ‘बरा’ लिहिलं नाही. सांगितलेले दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत मलम लावलं. कातडी कोरडी, गुलाबी झाली. डाव्याची चीर बुजायला दीड महिना लागला. तीन महिन्यांनी डॉक्टरणीनं पुन्हा धागा लावला. तीच तीन ठिकाणं मुकी होती. चौथं नव्हतं. ती म्हणाली, छान आहे. मलाही ते छानच वाटलं.

तलावाकडे मी अजून जाते, बाही धुवायला. पाय कोरडे ठेवून वरच्या पायरीवर बसते. मासे येऊन वाट बघतात आणि जातात. त्या टोचण्याची आठवण येते, नाही असं नाही.

चक्कीत आता एक गोष्ट नवीन आहे. शेजारणीकडून जाळ्याचा धागा मागून घेतला आणि एका काडीच्या टोकाला बांधला. डॉक्टरणीच्या धाग्याची जाडी ठरलेली असते, माझ्या धाग्यावरून कोणाला काही ठरवता येणार नाही हे मला कळतं. पण दळण होईपर्यंत माणसं बसूनच असतात. ज्यांना शुगर आहे त्यांना मी म्हणते, पाय पुढे करा, डोळे मिटा. दोन म्हातारे आणि एक मास्तरीण असे तिघं यातून दवाखान्यात पाय दाखवून आले. मास्तरणीला काही निघालं नाही, तर ती माझ्यावरच चिडली.

शेजारीण कधी बसली नाही. तिला शुगर नव्हती, म्हणजे तिनं कधी तपासलीच नव्हती. परवा गहू घेऊन आली तेव्हा चक्कीत आम्ही दोघीच होतो. मी काडी उचलली.

"मले काय झालं? मी दिवसभर गावभर फिरतो, अनवानी."

"म्हणूनच म्हणते. बस."

"मासोऱ्या पुरल्या नाही तं आता काडी टोचतं." पण बसली. डोळे मिटले. मी अंगठ्याला धागा लावला. "हो," ती म्हणाली. टाचेला लावला. "हो." घोट्याखाली लावला. "हो. समदं कळते वो मले, माहे पाय चांगले हायेत." मग मी धागा करंगळीच्या खाली टेकवला, वाकेपर्यंत दाबला.

"हो," ती म्हणाली. पण उशिरा म्हणाली, आणि मी धागा उचलल्यानंतर म्हणाली.

मी काडी मांडीवर ठेवली आणि नुसती बसून राहिले. काहीच लावलं नाही.

"हो," ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा, "हो."

"मी काही लावलेलं नाही," मी म्हटलं.

तिनं डोळे उघडले नाहीत. चक्कीत गहू संपत आला होता, दगडांचा आवाज मोकळा व्हायला लागला होता. मी उठून बटण बंद केलं. आवाज थांबल्यावर ती डोळे मिटूनच म्हणाली, "पयली बस कितीले असते वो?"

"साडेसातला. मी येते बरोबर."

"मले येते एकटीले जाता," ती म्हणाली. डोळे उघडून तिनं डब्यातलं पीठ चिमटीत धरून पाहिलं. "जाडं आलं."

जाडं आलं नव्हतं. तरी मी ते पुन्हा दळून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सव्वासातला तिच्या दाराशी जाऊन उभी राहिले. ती चप्पल घालून तयार होती.